फेरवजन

“हृदयाचा पंप चांगला चाललाय, साठ टक्के आहे, पण,” एवढं बोलून डॉक्टरीण थांबली, आणि त्या ‘पण’पाशीच झुंबरलालचे कान उभे राहिले. हा शब्द त्याच्या घरचा होता. चाळीस वर्षं जळगावच्या दाणा बाजारातल्या गादीवर बसून त्याने तो रोज वापरला होता. कापूस छान आहे, पांढराशुभ्र आहे, पण. पुढे काय येतं ते त्याला न सांगता कळत होतं. पुढे काहीतरी कापलं जातं. पडद्याच्या पलीकडे राजकुंवर डाव्या कुशीवर पडली होती. एकोच्या तपासणीसाठी छातीला लावलेला तो गार, चिकट लेप ती कागदाने पुसत होती आणि कागदाची चुरचुर इकडे ऐकू येत होती. डॉक्टरीण यंत्राच्या पडद्यावर एक गोल चकती दाखवत होती. चकती लाल होती आणि एका अंगाला फिकट पडलेली होती. “हे बघा काका. केमोच्या आधी हे सगळं गडद होतं. आता इथे, ह्या बाजूला, गुलाबी झालंय. हृदयाचा स्नायू दर ठोक्याला किती आखडतो ते यात मोजतात. आधी एकवीस होतं. आज साडेसतरा आलंय.” झुंबरलालने विचारलं, “म्हणजे हार्ट बिघडलं म्हणता?” ती म्हणाली, “बिघडलं नाही. बिघडायच्या आधी हे दिसतं. पंपाचा आकडा खाली यायच्या कितीतरी आधी. आधी केमोचं ते लाल औषध झालं, आता हे वर्षभराचं इंजेक्शन चाललंय. गाठीला दोन्ही मारतात, पण कुणाकुणाच्या हृदयालाही चाटून जातात. आत्ता सापडलं तर गोळ्यांनी सावरतं. उशिरा सापडलं तर मला छातीठोक सांगता यायचं नाही.” तिने दोन गोळ्या लिहून दिल्या. बुधवारी नाशिकहून कॅन्सरचे डॉक्टर येतात, त्यांना हा कागद दाखवा म्हणाली. दम लागत नसेल तर गोळ्यांसोबत इंजेक्शन चालू ठेवता येईल, लागत असेल तर मात्र ते थांबवावं लागेल, असंही तिने बजावलं. मग मधल्या कापडी पडद्याकडे मान वळवून आवाज चढवला, “काकू, दम लागतो का? जिना चढताना वगैरे?” “छे छे,” झुंबरलाल म्हणाला, “काही नाही. ठणठणीत आहे ती.” पडद्यामागची चुरचुर थांबली होती.

रिक्षात बसल्यावर त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. जे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, पेशंटला कळत नाही, ते आत आहे म्हणायचं, आणि समोरच्याने मान डोलवायची. वा रे वा! हा धंदा त्याला कुणी शिकवायला नको होता. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर बोंडं उपसायची, कानाशी नेऊन दाबायची, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, आत ओल आहे. शेतकरी शपथा घालायचा, पण आतलं कुणी बघितलंय? ओलीपोटी वजनातून थोडं कापलं जायचं. सरळ मामला. पुढे बाजारात ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र आलं तेव्हा बाकीचे आडते हळहळले, पण झुंबरलाल आठवड्याभरात त्याच्यापुढे गेला. सुया कुठे खुपसायच्या हे ज्याच्या हातात, आकडाही त्याच्याच हातात, हे त्याने ओळखलं. त्यामुळे यंत्राचं कौतुक त्याला कधी वाटलं नाही. आकडा दाखवणाऱ्या माणसाचं गाव कुठलं, बाप कोण, पोटात काय, हे आधी बघायचं असतं. आणि इथे तर पाटीवरच लिहिलं होतं, डॉ. मोहिनी जीवराम चौधरी. पहिल्या भेटीत त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, गाव कुठलं? रावेरकडचं, ती म्हणाली होती. तेव्हापासून ते नाव त्याच्या मनात सलत होतं.

रावेरकडचा एक जीवराम चौधरी त्याला चांगला आठवत होता. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. ट्रॅक्टरभर कापूस, चांगला वाळवलेला, बोंड न् बोंड टिपूर. झुंबरलालने हात घातला, कानाशी नेला आणि नेहमीचं बोलला. उंच, सडसडीत माणूस होता तो. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, “शेठ, कोरडा शे हो कापूस. पुन्हा हात घाला.” झुंबरलालने पुन्हा हात घातला. माणूस त्याच्या हाताकडे बघत होता, आणि ट्रॅक्टरच्या चाकाजवळ निळ्या फ्रॉकातली एक पोर पुस्तक छातीशी धरून उभी होती. तीही बघत होती. “ओल आहे,” झुंबरलाल म्हणाला. कापूस खरोखर कोरडा होता. त्याच्या बोटांना ते तेव्हाही कळलं होतं आणि आता रिक्षाच्या दांडीला धरलेल्या बोटांनाही कळत होतं. ती पोर मोठी होऊन डॉक्टर झाली नसेल कशावरून? त्याचं नाव केसपेपरवर वाचून मनाशी म्हणाली नसेल कशावरून, की ये बाबा, आता तू ये? आत ओल आहे म्हणाली ती, दुसरं काय म्हणाली? फक्त तिच्याकडे चकती होती. बाजूला बसलेल्या राजकुंवरने पदर डोक्यावर सारखा करत विचारलं, “काय म्हणाल्या हो मॅडम?” “काही नाही,” तो म्हणाला, “पंप साठ टक्के आहे.” ती बरं म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

झुंबरलाल दुष्ट माणूस नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक भलतंच समजायचे. त्याला भीती वाटत होती. गेल्या फाल्गुनात राजकुंवरच्या छातीतली गाठ निघाली तेव्हा तो दवाखान्याच्या संडासात जाऊन रडला होता आणि बाहेर येऊन नर्सवर ओरडला होता, की तुमच्याकडे साबण का नाही. ऑपरेशन झालं, मग ते लाल औषध, केस गेले, तोंड आलं, महिनोन् महिने ती पातळ खिचडीवर राहिली. मग हे इंजेक्शन लागलं आणि तिच्या अंगावर थोडं मांस चढलं. हेच इंजेक्शन आपल्या बायकोला धरून ठेवतंय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दर तीन आठवड्यांनी सुई लागली की त्याला रात्री झोप लागायची. आणि आता ही पोरगी म्हणते, दम लागत असेल तर थांबवा. थांबवा म्हणजे? गाठ परत आली म्हणजे काय चकतीला विचारायचं? तो गोळ्यांची चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात घालून मोकळा झाला. आधी फेरवजन. मग बाकीचं.

फेरवजन ही त्यांच्या घराण्याची रीत होती. आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनची. एका वजनकाट्यावर झालेला माल गावाच्या दुसऱ्या टोकाच्या काट्यावर पुन्हा नेल्याशिवाय त्यांच्या गोदामात उतरायचा नाही. पहिल्या काट्यावाल्याला दुसऱ्याचं सांगायचं नाही आणि दुसऱ्याला पहिल्याचा आकडा दाखवायचा नाही, नाहीतर तो बघून लिहितो. बाप मरताना शुद्धीवर होता तोवर हेच सांगत होता. झुंबरलालने ती रीत व्यापारापुरती ठेवली नाही. पत्रिका दोन ज्योतिषांना, रक्त दोन प्रयोगशाळांत. लेकीला, पलकला, स्थळ आलं तेव्हा धुळ्याला चौकशीला दोन माणसं धाडली, तीही एकमेकांना नकळत, आणि ती दोघं नेमकी एकाच हॉटेलात एकाच टेबलावर जेवायला बसली. घरात अजून हसतात त्याला. हसू देत. जावई चांगला निघाला की नाही? आयुष्यात एकच गोष्ट त्याने कधी दुसऱ्या काट्यावर नेली नाही, आणि ती म्हणजे राजकुंवरचा शब्द. बाहेरून आला की विचारायचा, “बरंय ना?” ती म्हणायची, “बरंय.” एक्केचाळीस वर्षं. तेवढं ऐकलं की हा चपला काढून आत जायचा.

शुक्रवारी तो म्हणाला, चल, पलककडे जाऊन येऊ. राजकुंवर एवढी खूश झाली की तिने कारण विचारलं नाही. भटू गाडी चालवत होता. वीस वर्षांपासूनचा जुना माणूस, धुळ्याकडचाच. एरंडोल गेलं, पारोळा आलं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कपाशीच्या काळ्या काड्या उभ्या होत्या, आणि झुंबरलाल पुढच्या सीटवर बसून मनात धुळ्याच्या डॉक्टरशी काय बोलायचं ते जुळवत होता. पारोळ्याच्या पुढे भटूने आरशात बघितलं आणि म्हणाला, “शेठ, गाडी हळू लेऊ का? अक्काले दम लागस.” झुंबरलाल चमकला. दम लागतो म्हणे! हा शब्द याच्या तोंडात कुणी घातला? त्या दिवशी दवाखान्यात हा तर नव्हताच. म्हणजे त्या बाईने याच्यापाशीसुद्धा चौकशी केली की काय, की माणसं फितवणं सुरू झालंय? तो मागे वळला. राजकुंवरचा एक हात गळ्याशी होता. “काही नाही हो,” ती हसून म्हणाली, “हा पट्टा आवळतोय. बरंय मला.” झुंबरलाल पुढे वळला आणि भटूला म्हणाला, तू रस्त्याकडे बघ. भटूने गाडी मात्र हळूच ठेवली.

पलकचं घर सहाव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पलक वरून धावत आली, आईच्या गळ्यात पडली. पहिल्या मजल्याच्या वळणावर राजकुंवर थांबली आणि शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचायला लागली. सावकाश, अक्षर न् अक्षर. “हे कासलीवाल कधी आले गं इथे राहायला?” पलक म्हणाली, “मम्मी! लग्न झालं माझं तेव्हापासून आहेत की. हळदीकुंकवाला आली होतीस तू त्यांच्याकडे.” राजकुंवर हो की गं म्हणाली, मग त्यांच्या मुलांची चौकशी केली, मग चपलेचा अंगठा बघितला, मग दुसरा जिना चढायला लागली. झुंबरलालला हसू आलं. बायकांना पाट्या वाचायची भारी हौस, त्याच्या मनात आलं. पलक हसली नाही. ती आईच्या मागे एक पायरी सोडून चढत होती, हात पुढे धरून, आणि तेही झुंबरलालला खटकलं. ही पोरगी एवढी का जपतेय? हिला कुणाचा फोन आला होता का?

दुपारी पलकला घरी ठेवून, उगाच गर्दी कशाला म्हणून, तो राजकुंवरला घेऊन डॉक्टर लीलाधरांकडे गेला. वयस्कर, टक्कल पडलेला माणूस, जावयाच्या ओळखीतला. त्यांनी चकतीबिकती सगळं बघितलं. बघता बघता विचारलं, “केमो कधी झाली? आधीचा रिपोर्ट द्या बघू.” “आधीचा नाही,” झुंबरलाल म्हणाला, “पहिल्यांदाच करतोय. मी म्हटलं, एकदा बघून घ्यावं.” जळगावचा कागद तेव्हा त्याच्या बंडीत घडी घालून होता, छातीला टोचत होता. टेबलावर पडलेल्या राजकुंवरने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. नुसती बघत राहिली, आणि ते बघणं जरा लांबलं. डॉक्टर म्हणाले, “साठ टक्के. झकास! आणि ते आखडणं आमच्या यंत्रावर एकोणीस आलंय. एकोणीस चालतं.” झुंबरलालच्या अंगातून गार वारा गेला. साडेसतरा नव्हे, एकोणीस! पकडली चोरी! डॉक्टर पुढेही बोलत होते. “पण शेठ, हा एकटा आकडा तसा मुका असतो. केमोच्या आधी किती होता ते हवं, आणि तेही ह्याच यंत्रावरचं. प्रत्येक कंपनीचं यंत्र दोन-तीनने वेगळं दाखवतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो. उतरलाय की नाही, हे ज्याच्या त्याच्या पहिल्या आकड्यावरूनच ठरतं.” झुंबरलालने मान डोलावली. तो झकासच्या पुढे ऐकतच नव्हता. दुसरा काटा जास्त दाखवतोय तर पहिला खोटा, हे त्याला दुधपित्या वयापासून माहीत होतं. परतीच्या वाटेवर त्याने पारोळ्याला गाडी थांबवून पेढे घेतले, भटूलाही दिले. राजकुंवरने पेढा हातात धरून ठेवला आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्य बुडायच्या आत खाऊन टाकला.

शनिवार असाच बाजारात गेला. सोमवारी मात्र त्याला राहवेना. चोर सापडला तरी त्याचं तोंड बघितल्याशिवाय समाधान होत नाही, असा त्याचा स्वभाव. तो एकटाच डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात गेला, रक्तदाब दाखवायच्या निमित्ताने. ती पट्टा गुंडाळत होती तेव्हा म्हणाला, “तुमचे वडील जीवरामभाऊ दाणा बाजारात कापूस घेऊन यायचे. मी ओळखतो त्यांना.” त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. ती म्हणाली, “कापूस? आमच्याकडे कापूस नव्हता हो काका कधी. नुसती केळी. आणि बाबा माल घेऊन जळगावला कशाला येतील, व्यापारी मळ्यात येऊन घड कापून नेतात. तुमचे जीवरामभाऊ कुणी दुसरे असतील. आमच्या तालुक्यात जीवराम चौधरी हाक मारली तर दर गावात दोन जण ओ देतील.” असं म्हणून हसली. झुंबरलालही हसला, पण आतून जागचा हलला नाही. फार पटकन हसली ही. उत्तर तयार होतं. आणि खरंच दुसरा जीवराम असेल तर? तर इतके दिवस तो कुणाच्या डोळ्यांना घाबरत होता? हा विचार त्याला आवडला नाही, तो त्याने बाजूला सारला. खोटं बोलतेय. पट्टा सुटला. ती रक्तदाब लिहिता लिहिता म्हणाली, “काकूंना गोळ्या सुरू केल्यात ना?” “केल्या की. त्याच दिवशी.” तिचं पेन थांबलं. तिने वर बघितलं. “आणि दम? त्या दिवशी उत्तर तुम्ही दिलंत. काकूंना विचारलंत का कधी घरी?” झुंबरलालचं डोकं तडकलं. “एक्केचाळीस वर्षं संसार केलाय मी, मॅडम. माझ्या बायकोला काय होतंय ते मला कळतं.” तिने पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं, हे त्याने स्वच्छ बघितलं. असल्या गोष्टी त्याच्या नजरेतून सुटत नसत. “बरं,” ती म्हणाली, “बुधवारी कागद दाखवा म्हणजे झालं.” जिना उतरताना त्याची खात्री पटली, की ही बाई आपल्यापासून काहीतरी लपवतेय. आणि गंमत अशी की ते अगदी खरं होतं.

मंगळवारी संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ताटं वाढली गेली. राजकुंवरने भाकरी बसून थापल्या, ओट्याशी स्टूल घेऊन. हे स्टूल कधी आलं ते त्याला आठवेना. जेवण झाल्यावर ती सामायिकाच्या जपाला बसली, पांढरं आसन पसरून, तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून, शेजारी आपली जपाच्या सामानाची कापडी पिशवी ठेवून. अठ्ठेचाळीस मिनिटं ती आता बोलणार नव्हती. तो झोपाळ्यावर बसून तिच्या पाठीकडे बघत होता. पाठ वर-खाली होत होती. जरा भरभर होत होती का? त्याने मोजायचा प्रयत्न केला, मग स्वतःचाच राग आला. सगळ्यांनी मिळून माझ्या डोक्यात भरवलंय हे, त्याला वाटलं. भटूने, त्या बाईने. धुळ्याला एकोणीस आलं आहे, एकोणीस! पण लीलाधरांचं ते पुढचं बोलणं, जे त्याने ऐकलं नव्हतं, ते आता कुठून तरी शब्दाशब्दाने वर येऊ लागलं. ज्याच्या त्याच्या पहिल्या आकड्यावरून. जळगावला पहिला एकवीस होता. तो कुणी खोटा पाडला? तेव्हा तर कुणाला काही कापायचं नव्हतं. ती आसनावरून उठली तेव्हा त्याने विचारलं, “बरंय ना?” मुहपत्ती सोडत ती म्हणाली, “बरंय.” झालं तर मग. तो उठून हात धुवायला गेला, पण नळ सोडल्यावर कितीतरी वेळ हात तसेच पाण्याखाली धरून उभा राहिला.

बुधवारी इंजेक्शनच्या दवाखान्यात तो दोन प्लास्टिकच्या फायली घेऊन गेला. निळ्या फायलीत धुळ्याचा कागद, पांढऱ्या फायलीत जळगावचा. राजकुंवरला बाकावर बसवून तो आत खिडकीपाशी गेला. इंजेक्शनच्या खोलीवर प्रमिलाबाई होत्या, जुन्या सिस्टर, सगळ्या पेशंटांना घरच्यासारख्या. “शेठ, एकोचा कागद?” त्यांनी हात पुढे केला. आता ही वेळ आली होती. दोन्ही देऊन टाकावेत, सांगावं, साहेब तुम्हीच बघा, मला काही कळत नाही. एवढं सोपं होतं. पण सांगितलं आणि त्यांनी सुई थांबवली तर? तीन आठवड्यांत गाठ उठली तर? आणि नाही सांगितलं आणि त्या पोरीचं खरं असलं तर? काय करावं, कुणाला विचारावं? सगळ्या गावात विश्वासाने विचारावं असं एक माणूस त्याला आठवेना. एवढी वर्षं बाजारात घालवली, आणि एक माणूस नाही. प्रमिलाबाईंचा हात तसाच पुढे होता. झुंबरलालने निळी फाईल दिली.

प्रमिलाबाईंनी ती उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हा कशाला आणलात शेठ? धुळ्याचा दिसतोय. मॅडमचा कागद आलाय की आमच्याकडे. काकू शनिवारीच मॅडमकडून दुसरी प्रत घेऊन इथे देऊन गेल्या.” “कोण देऊन गेलं?” “काकू. तुमच्या मिसेस. भटूभाऊंबरोबर आल्या होत्या ना. आणि आज इंजेक्शन नाहीये. त्यांना दिवाळीपासून दम लागतो, पाय सुजतात, मॅडमनी सगळं लिहून दिलंय. नाशिकच्या साहेबांनी फोनवरच सांगितलं, तीन आठवडे थांबू, गोळ्या चालू राहू देत, मग परत त्याच यंत्रावर बघू. फक्त वजन आणि रक्तदाब द्यायचाय आज.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तुम्हाला... माहीत नव्हतं का?” झुंबरलाल म्हणाला, “माहीत होतं.” त्याने निळी फाईल परत घेतली.

बाहेर येईपर्यंत त्याच्या मनाने सगळ्यांना उभं करून फटके मारले होते. भटू, निमकहराम. पलक, तिलाही ठाऊक असणार, म्हणून हात पुढे धरून चढत होती. आणि ती डॉक्टरीण! सोमवारी समोर बसून विचारते, गोळ्या सुरू केल्यात ना? शनिवारी सगळं कळलेलं होतं तिला, आणि सोमवारी त्याला खोटं बोलू दिलं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्याच बायकोचं! तो तरातरा बाकाशी गेला. राजकुंवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर ती जपाची कापडी पिशवी. त्याच्या हातातल्या दोन फायली तिने बघितल्या आणि तिला काय ते कळलं. “निळी दिलीत ना?” ती म्हणाली. विचारलंच नाही तिने, नुसतं म्हणाली.

झुंबरलाल म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?” ती पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होती. “सांगणार होते. दिवाळीत दोनदा तोंडाशी आलं. पण तुम्ही इंजेक्शनच्या दिवशी इतके खूश असायचात. म्हटलं, वय झालंय, असेल काहीतरी. मग त्या दिवशी मॅडमनी विचारलं आणि तुम्ही पडद्याबाहेरून छे छे म्हणालात. तेव्हाही मला वाटलं, यांना ठाऊक नाही बिचाऱ्यांना. घरी गेल्यावर सांगू.” ती थांबली. श्वास घेतला, तो अर्ध्यातच अडला, तो पुरा केला. “पण धुळ्याला त्या साहेबांनी कागद मागितला आणि तुम्ही नाही म्हणालात. कागद तुमच्या खिशात होता. मला दिसत होता हो, वर आलेला. मी तिथे उघडी पडलेली, आणि तुम्ही माझ्याबद्दल त्यांना खोटं सांगत होतात. एक्केचाळीस वर्षांत मला तुमची कधी भीती वाटली नव्हती. तेव्हा वाटली.” तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. “मला जगायचंय हो. पलकच्या पोराचं लग्न बघायचंय. म्हणून मी भटूला शपथ घातली. गोळ्या यात ठेवते. यात तुम्ही हात घालत नाही.”

झुंबरलाल बाकावर बसला. ओरडायचं म्हणून जे जे आणलं होतं ते सगळं कुठे गेलं कळेना. शेजारच्या बाकावर कुणाचा तरी नवरा केळ सोलत होता, कुणाचा नंबर पुकारला जात होता. आपण हिच्यासाठी केलं, हे त्याला सांगायचं होतं आणि ते खरंही होतं, पण ते तोंडातून काढलं तर कसं वाटेल हे त्याला आधीच ऐकू येत होतं. त्याची बोटं मांडीवर उगाच हलत होती. साऱ्या गावाला पारखत हिंडलो, त्याच्या मनात आलं, आणि ही माझ्याच घरात स्टुलावर बसून भाकरी करत होती. तिच्या ‘बरंय’कडे मी एकदाही वळून बघितलं नाही. वळून बघायला हवं होतं ते तेवढंच.

“आता?” त्याने विचारलं. “गोळ्यांनी चार दिवसांत काही...? आता कसं वाटतंय?”

“बरंय,” राजकुंवर म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. गाल जरा भरलेले, ओठांच्या कडा निळसर की सावलीमुळे तशा, गळ्यापाशी कातडी हलत होती. खरं असेल. नसेलही. हा शब्द किती वेळा असाच आला असेल, जिन्याच्या वळणावर, गाडीत, ओट्यापाशी, आणि त्याच्या मागे काय काय असेल! त्याला धडकी भरली. हे कुठल्या गावी नेऊन विचारायचं? कुठल्या डॉक्टरला? हे तिने सांगितलं तरच कळणार होतं.

“राजकुंवर,” तो म्हणाला, आणि आपला आवाज एखाद्या गिऱ्हाइकासारखा अजिजीचा झालाय हे त्याला जाणवलं, “खरं सांग. मी काही करणार नाही. कुठे नेणार नाही. नुसतं ऐकून घेतो.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, लक्षपूर्वक, या माणसाला सांगावं की नाही ते ठरवत. आणि तिचं ठरेपर्यंत झुंबरलाल दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्याकडे तोंड करून बसून राहिला.